सणाच्या दिवशी दिसणारे शहर : उत्सव पाहुण्याचे मत कसे घडवतात?

मुंबईहून कल्याणच्या दिशेने जाणाऱ्या बहुतेकांच्या लेखी ठाणे हे पाहण्याचे ठिकाण नाही. ते गाडी बदलण्याचे किंवा घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत अडकण्याचे ठिकाण आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली देशातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी याच शहरापर्यंत आली. तलावांचे शहर म्हणून ठाण्याचा लौकिक आहे, खाडीत दरवर्षी फ्लेमिंगोंचे थवे उतरतात आणि त्या खाडीतील अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळाचा दर्जाही मिळाला. तरीही सुटीच्या दिवशी ‘चला, ठाणे पाहायला जाऊ’ असे सहसा कोणी म्हणत नाही. अपवाद सणांचा आहे. दहीहंडीला, गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेला, टेंभीनाक्याच्या नवरात्रोत्सवाला किंवा दिवाळी पहाटेला मुद्दाम येणाऱ्यांची संख्या मोठी असते, आणि त्यांपैकी अनेकांच्या मनात ठाण्याविषयी जे काही मत तयार होते ते त्या चार-सहा तासांवरच आधारलेले असते. शितावरून भाताची परीक्षा करावी तसा हा प्रकार आहे. फक्त हे शीत सणासाठी खास शिजवलेले असते, ही त्यातली मेख आहे. एखाद्या गावाचा सण पाहून पाहुणा त्या गावाविषयी कसा विचार करू लागतो, या प्रश्नावर पर्यटनाच्या अभ्यासकांनी गेल्या अर्धशतकात बरेच काम केले आहे. त्यातील महत्त्वाच्या कल्पना ठाण्याच्या उदाहरणांवरून समजून घेता येतात.

पहिली कल्पना म्हणजे स्थळाची प्रतिमा. एखाद्या शहराविषयी आपल्या मनात असलेल्या माहितीचा, समजुतींचा आणि भावनांचा जो एकत्रित ठसा असतो, त्याला अभ्यासक प्रतिमा म्हणतात. बालोग्लू आणि मॅक्लिअरी या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेल्या आराखड्यानुसार या ठशाचे दोन भाग पडतात. एक भाग माहितीचा, म्हणजे तिथे काय आहे, कसे जायचे, खर्च किती, सुरक्षित आहे का. आणि दुसरा भाग भावनेचा, म्हणजे ते ठिकाण आनंदाचे वाटते की कंटाळवाणे, मोकळे वाटते की दडपण आणणारे. दोन्ही मिळून एकूण मत बनते. स्मारक, संग्रहालय किंवा किल्ला पाहताना माहितीच्या भागात बरीच भर पडते, पण सणाचा जोर भावनेच्या भागावर असतो. मासुंदा तलावाचे क्षेत्रफळ किती, हे तलावपाळीवर दीपोत्सवासाठी आलेल्या माणसाला घरी जाताना सांगता येणार नाही, परंतु काठावर पणत्या लावणाऱ्या अनोळखी बाईने आपल्याही हाती एक पणती दिली, हे तो सांगेल. मत बनवण्यात हा दुसरा भाग किती प्रभावी असतो, याची शहराच्या पर्यटन पुस्तिका लिहिणाऱ्यांना फारशी कल्पना नसावी असे त्या पुस्तिका वाचून वाटते.

येथे ‘पर्यटक’ कोणाला म्हणायचे, हाही प्रश्न निघतो. संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येप्रमाणे जो किमान एक रात्र मुक्काम करतो तोच पर्यटक. त्याच दिवशी परतणारा केवळ दिवसभराचा पाहुणा ठरतो. ठाण्याच्या सणांना येणारा बहुसंख्य वर्ग दादर, भांडुप, डोंबिवली, वाशी किंवा फार तर पुण्याहून आलेला असतो आणि रात्री आपल्या घरी झोपतो. त्यामुळे हॉटेलांच्या नोंदींत तो दिसत नाही आणि या शहरात पर्यटन होते हेच कोणाच्या लक्षात येत नाही. मत मात्र त्याचेही बनते आणि ते तो दहा जणांना सांगतो.

सणाला येण्याआधीच पाहुण्याचे अर्धे मत तयार झालेले असते. अमेरिकी अभ्यासक क्लेअर गन यांनी १९७२ मध्ये या आधीच्या मताचे दोन स्रोत वेगळे करून दाखवले. बातम्या, ऐकीव गोष्टी, नातेवाइकांचे अनुभव यांतून आपोआप बनणारी प्रतिमा हा एक स्रोत, आणि जाहिराती, पर्यटन खात्याच्या मोहिमा यांतून हेतुपुरस्सर घडवलेली प्रतिमा हा दुसरा. पहिल्या स्रोतावर लोकांचा विश्वास अधिक असतो, कारण त्यामागे विक्रीचा हेतू दिसत नाही. सणांचे वैशिष्ट्य असे की ते पहिल्या स्रोताला भरपूर खाद्य पुरवतात. सणाचे दृश्य छायाचित्रकाराला हवेच असते, त्यामुळे कोणतीही जाहिरात न करता ते वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येते आणि आजकाल त्याआधी प्रत्येकाच्या मोबाइलवर पोहोचते.

मात्र छायाचित्र कोणाचे निघते, यावर श्रेय कोणाला मिळते हे ठरते. गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची सुरुवात १९९९ मध्ये डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने झाली. नंतर ही कल्पना ठाण्यात आली, जिथे श्री कौपिनेश्वर सांस्कृतिक न्यास यात्रेचे आयोजन करतो, आणि पुढे गिरगावासह राज्यभर पसरली. आज देशातील कोणाही वाचकाला पाडव्याच्या यात्रेचे चित्र आठवायला सांगितले तर बहुधा नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवर बसलेल्या गिरगावच्या स्त्रिया आठवतील, कारण राष्ट्रीय माध्यमांचे छायाचित्रकार तिथे सहज पोहोचतात. डोंबिवलीच्या फडके रोडवर जमणारी गर्दी कमी उत्साही असते असे नाही. ती फक्त माध्यमांच्या कार्यालयांपासून लांब आहे. डोंबिवलीकरांना याची खंत वाटत असेल तर ती रास्त आहे. सणाचा जन्म एका गावी आणि प्रतिमेचा लाभ दुसऱ्या गावाला, असे पर्यटनात वारंवार घडते.

याहून विलक्षण उदाहरण मेक्सिको सिटीचे आहे. तेथे ‘मृतांचा दिवस’ हा सण पिढ्यान्‌पिढ्या घरातील वेदी मांडून आणि स्मशानात पूर्वजांच्या थडग्यांजवळ बसून साजरा होत आला. २०१५ मध्ये आलेल्या एका जेम्स बाँडपटात मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवरून या सणाची प्रचंड मिरवणूक निघालेली दाखवली होती. अशी मिरवणूक त्या शहरात प्रत्यक्षात निघतच नव्हती. चित्रपट पाहून येणारे पाहुणे ती शोधतील हे ओळखून शहराच्या प्रशासनाने २०१६ पासून ती खरोखरच सुरू केली आणि आज लाखो लोक ती पाहायला जमतात. म्हणजे आधी चित्र बनले आणि मग त्या चित्राबरहुकूम सण घडवला गेला.

ठाण्याच्या बाबतीत बाहेर गेलेले सर्वांत प्रबळ चित्र दहीहंडीचे आहे. २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने ठाण्यातच नऊ थर रचून ४३.७९ फूट उंचीचा विक्रम केला, आणि २०२५ मध्ये दहा थरांचा मनोराही ठाण्याच्या हंडीतच पहिल्यांदा उभा राहिला. राजकीय नेत्यांच्या प्रतिष्ठानांनी लावलेल्या लाखोंच्या बक्षिसांमुळे मुंबईची नामांकित पथके ठाण्याकडे वळली आणि कॅमेरेही त्यांच्यामागोमाग आले. त्याच काळात थरांची उंची आणि लहान मुलांचा सहभाग यांविषयीचा वाद न्यायालयात चालू होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वीस फुटांची मर्यादा घातली, सर्वोच्च न्यायालयाने ती २०१६ मध्ये कायम ठेवली, आणि २०१७ मध्ये राज्य सरकारने सुरक्षेची हमी दिल्यानंतर उच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा काढून चौदा वर्षांखालील मुलांना मात्र बंदी केली. २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. या साऱ्या बातम्या वाचलेल्या परगावच्या माणसाच्या मनात ठाणे म्हणजे थरार, पैसा, राजकारण आणि जखमी गोविंदा असे मिश्रण तयार होते. हेच ठाणे गडकरी रंगायतनच्या नाट्यप्रयोगांचे आणि संगीत समारोहांचेही शहर आहे, हे त्या चित्रात बसत नाही. सण शहराची एक बाजू ठळक करतो तेव्हा इतर बाजू फिक्या पडतात, आणि हा परिणाम टाळणे आयोजकांच्या हातात फारसे नसते.

आता पाहुणा प्रत्यक्ष येतो तेव्हा काय होते ते पाहू. त्याचा पहिला अनुभव गर्दीचा असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल स्टोकोल्स यांनी १९७२ मध्ये एक उपयुक्त भेद केला होता : एका जागेत किती माणसे आहेत ही मोजता येणारी घनता वेगळी, आणि आपल्याला दाटी झाल्यासारखे वाटणे वेगळे. सकाळी आठच्या लोकलमधली आणि दिवाळी पहाटेच्या राम मारुती रस्त्यावरची घनता कदाचित सारखीच निघेल. पण पहिलीत माणूस गुदमरतो आणि दुसरीत तो मुद्दाम नवे कपडे घालून शिरतो, कारण दुसऱ्या ठिकाणी गर्दी हाच पाहण्याचा विषय आहे, आणि हवे तेव्हा बाजूच्या गल्लीत निघून जाण्याची मोकळीकही आहे. ही मोकळीक संपली की त्याच जागी, त्याच संख्येत, आनंदाचे रूपांतर भीतीत होते. म्हणून सणातील गर्दीविषयी पाहुण्याचे मत माणसांच्या संख्येपेक्षा बाहेर पडण्याच्या वाटा किती दिसतात, लहान मूल हरवले तर कोणाला विचारायचे हे कळते का, स्त्रियांना धक्काबुक्की न होता उभे राहता येते का, स्वच्छतागृह कुठे आहे, अशा गोष्टींवर अधिक अवलंबून असते. हंडीच्या मैदानात व्यासपीठावरील पाहुण्यांसाठी सोफे मांडले जातात आणि बघ्यांसाठी बांबूचे अडथळे. या दोहोंमधील फरक बाहेरून आलेल्या माणसाला पटकन दिसतो.

अपेक्षेचाही वाटा येथे मोठा आहे. समाधान हे अनुभव किती चांगला यापेक्षा तो अपेक्षेच्या मानाने कसा निघाला यावर ठरते, अशी मांडणी रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये ग्राहकांच्या संदर्भात केली आणि पर्यटनाने ती उचलली. ठाण्याला याचा अनपेक्षित फायदा होतो. वाराणसीच्या गंगा आरतीला जाणारा मनात आधीच भव्य दृश्य घेऊन जातो, त्यामुळे निराशेला जागा राहते. ठाण्याकडून कोणाची काही अपेक्षाच नसते, म्हणून स्वागतयात्रेतील एखादा साधा चित्ररथ किंवा शाळकरी मुलींचे लेझीम पथकही ‘अरे, इथे असेही असते तर’ अशी दाद मिळवून जाते.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो खरेपणाचा आहे. समाजशास्त्रज्ञ डीन मॅकॅनेल यांनी १९७३ मध्ये असे मांडले की पर्यटक एखाद्या ठिकाणचे खरे जीवन पाहायला उत्सुक असतो, परंतु त्याला बहुधा रंगमंचाचा दर्शनी भागच दाखवला जातो; रंगपटात, म्हणजे जिथे स्थानिक माणसे पाहुण्यांसाठी म्हणून काही करत नसतात तिथे, त्याला प्रवेश नसतो. अनेकदा तर पाहुण्याला रंगपटात आल्यासारखे वाटावे म्हणून दुसरा एक बनावट रंगपटही उभारला जातो. या दृष्टीने ठाण्यातील सणांकडे पाहिले तर त्यांत मोठा फरक आढळतो.

हंडीचा कार्यक्रम बहुतांशी दर्शनी भागाचा आहे : व्यासपीठ, निवेदक, कलाकारांची हजेरी, प्रायोजकांचे फलक. टेंभीनाक्याचा नवरात्रोत्सव, जो आनंद दिघे यांनी सुरू केला, दर्शनी आणि आतल्या बाजूच्या सीमेवर उभा आहे. भव्य देखावा पाहायला येणाऱ्यांच्या रांगेतच वर्षानुवर्षे ओटी भरायला येणाऱ्या आसपासच्या स्त्रियाही असतात, आणि पाहुण्याचे लक्ष काही वेळाने देखाव्यावरून त्यांच्याकडे वळते. चेंदणी कोळीवाड्यातील नारळी पौर्णिमा मात्र मुळात कोळ्यांची स्वतःची आहे. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, समुद्र शांत होऊ लागतो, आणि नारळ अर्पण करून होड्या पाण्यात नेण्याची ही वेळ असते. ठाण्याच्या खाडीतील मासेमारी आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, तरी मिरवणूक निघते आणि नारळ खाडीला दिला जातो. बाहेरून आलेला माणूस कडेला उभा राहून ती पाहू शकतो, पण त्याच्यासाठी कोणी थांबत नाही किंवा निवेदन करत नाही. आणि नेमक्या याच गोष्टीमुळे, आपण काहीतरी खरे पाहिले अशी त्याची खात्री पटते.

या बाबतीत घरगुती गणपती ही तर जगाच्या पर्यटनात क्वचितच आढळणारी सोय आहे. भाद्रपदातील त्या दिवसांत ज्याच्या घरी गणपती आहे त्याचे दार परिचितांसाठी उघडे असते, आणि परिचिताच्या परिचितालाही कोणी अडवत नाही. ठाण्यातील मित्राकडे आलेला परप्रांतीय किंवा परदेशी सहकारी त्याच्याबरोबर चार घरी दर्शनाला जातो, चपला दाराबाहेर काढतो, घरातल्या आजींच्या हातून मोदक घेतो, आरतीत टाळ्या वाजवतो, आणि अडीच खोल्यांच्या घरात मखरासाठी सोफा कुठे हलवला गेला तेही पाहतो. हा अस्सल रंगपट आहे. तिथे तिकीट नाही, मार्गदर्शक नाही, छायाचित्रे काढण्यासाठी ठरवून दिलेली जागा नाही. सार्वजनिक मंडळाचा चाळीस फुटी देखावा पाहून बनलेले मत आणि अशा घरी बसून बनलेले मत यांची तुलना केली तर दुसरे अधिक टिकाऊ ठरते, असे मानायला जागा आहे, कारण त्यात पाहुणा प्रेक्षक न राहता काही काळ त्या घरचा झालेला असतो. राज्य सरकारने २०२५ मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला तेव्हा चर्चा मंडळांची, रोषणाईची आणि स्पर्धांची झाली. घरोघरच्या या आतिथ्याचा उल्लेख फारसा कुठे आला नाही. ते एका परीने बरेच झाले, कारण त्याची योजना आखली गेली की ते तसे राहणार नाही.

असे का म्हणावे, याचे उत्तर स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील ओंदारिबिया या बास्क गावाच्या इतिहासात मिळते. १६३८ मध्ये फ्रेंच सैन्याचा वेढा गावाने परतवून लावला, त्याच्या स्मरणार्थ तेथे ‘अलार्दे’ नावाची मिरवणूक निघते, आणि तीत गावातील सर्व थरांतील लोक सामील होतात. मिरवणूक पाहायला पर्यटकांना पुरेशी जागा मिळत नाही म्हणून १९६९ मध्ये नगरपालिकेने ती एकाच दिवशी दोनदा काढण्याचे ठरवले. मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रीनवुड तेथे संशोधन करत होते. त्यांनी नोंदवले की गावासाठी जे व्रत होते त्याचा खेळ झाला आणि दोनच वर्षांत लोक सहभागी व्हायला कां-कूं करू लागले. गंमत अशी की पुढे बास्क अस्मितेच्या राजकारणात त्याच मिरवणुकीला नवे महत्त्व आले आणि ग्रीनवुड यांनी आपला सुरुवातीचा निराशेचा सूर नंतर बराच सौम्य केला. म्हणजे पाहुण्यांमुळे सण कायमचा मरतो असा नियम नाही. लोकांना तो आपला वाटेनासा झाला की मात्र पाहुण्यालाही ते जाणवते.

उलट बाजूचेही उदाहरण द्यायला हवे. नागालँडचा हॉर्नबिल महोत्सव २००० साली राज्य सरकारने सुरू केला, आणि दरवर्षी १ ते १० डिसेंबर या काळात कोहिमाजवळच्या किसामा येथे तो भरतो. वेगवेगळ्या जमातींचे मूळ सण आपापल्या गावी, आपापल्या हंगामात होतात; हा त्यांचा एकत्र मांडलेला, उघड उघड पाहुण्यांसाठी रचलेला कार्यक्रम आहे. तरीही अनेक दशके सशस्त्र बंडखोरीच्या बातम्यांतूनच माहीत असलेल्या राज्याविषयीची भीती कमी करण्याचे काम त्याने केले. ज्या प्रदेशाविषयी लोकांच्या मनात धास्ती असते तिथे असा रचलेला सण पहिले दार उघडू शकतो. ठाण्याविषयी कोणाला धास्ती नाही, फक्त उदासीनता आहे, म्हणून हा मार्ग येथे जसाच्या तसा लागू पडणार नाही.

सण आवडण्यात यजमानांच्या चेहऱ्यावरचे भावही मोजले जातात. जिथे रहिवासी त्रासलेले असतात तिथे पाहुण्याला अवघडल्यासारखे होते. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, आणि सणांतील आवाज व रस्त्यावरील मंडप यांविषयी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या सविस्तर निकालामागे ठाण्यातीलच एका डॉक्टरांची याचिकाही होती. ध्वनिक्षेपकाच्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या पाहुण्याला हा कायदा ठाऊक नसतो. समोरच्या इमारतीच्या बंद खिडक्या मात्र त्याला दिसतात.

शेवटचा टप्पा स्मरणाचा आहे, कारण इतरांना सांगितले जाते ते मत अनुभवावरून बनत नाही, आठवणीवरून बनते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात हात बुडवायला लावला, आणि दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद संपल्यावर आणखी ३० सेकंद हात पाण्यातच ठेवायला सांगून पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणले. यांतील कोणता प्रकार पुन्हा कराल असे विचारल्यावर बहुसंख्यांनी दुसरा, म्हणजे एकूण जास्त त्रासाचा प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट सौम्य होता. आठवण बनवताना मन अनुभवाचा सर्वोच्च क्षण आणि शेवट यांना झुकते माप देते. मधला कालावधी किती लांब होता याकडे ते जवळजवळ दुर्लक्ष करते.

सणाचा सर्वोच्च क्षण आयोजक जिवापाड सांभाळतात : हंडी फुटते, आरती होते, यात्रा मासुंदाच्या काठी पोहोचते. शेवट मात्र कोणाच्याच ताब्यात नसतो. तलावपाळीहून पश्चिमेच्या स्थानकापर्यंतच्या वाटेवर पाहुण्याला रिक्षा नाकारतात, पुलाच्या जिन्यावर गर्दी अडते, आणि कुर्ल्याला किंवा वाशीला जाणारी पुढची गाडी कोणत्या फलाटावर येईल हे घामाघूम अवस्थेत शोधावे लागते. पालिका, रेल्वे, वाहतूक पोलीस आणि मंडळे यांची सणापूर्वी बैठक होते ती प्रामुख्याने सुरक्षेसाठी. परतीच्या वाटेचा विचार तीत झाला तर तो कोंडी फोडण्यापुरता असतो. सणाच्या पत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांची नावे तीन रकान्यांत छापलेली असतात, आणि त्याच पत्रिकेच्या तळाशी ठाण्याहून सुटणाऱ्या शेवटच्या दोन-तीन गाड्यांच्या वेळा, महिलांच्या स्वच्छतागृहाची जागा आणि स्थानकाकडे जाणारा कमी गर्दीचा रस्ता छापायला एका ओळीहून जास्त जागा लागत नाही.